चिकित्सेची चिन्हे : चिनी, जपानी व कोरियन भाषांतील उपचारवाचक शब्दांचा इतिहास

प्रास्ताविक

चिनी लिपीविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते त्यात एक समज वारंवार आढळतो. ही लिपी चित्रलिपी असून प्रत्येक चिन्हात त्या संस्कृतीचे तत्त्वज्ञान साठवलेले आहे, असा तो समज होय. ‘औषध’ या अर्थाचे ‘याव’ हे चिन्ह त्याचे नेहमीचे उदाहरण. या चिन्हाच्या माथ्यावर गवताचे चिन्ह असून खाली ‘आनंद’ किंवा ‘संगीत’ या अर्थाचे चिन्ह आहे. तेव्हा गवत अधिक आनंद म्हणजे औषध, म्हणजेच संगीताने रोग बरे होतात हे प्राचीन चिनी लोकांना ठाऊक होते, असा निष्कर्ष काढला जातो. आरोग्यविषयक लोकप्रिय पुस्तकांत आणि व्याख्यानांत हा निष्कर्ष आता सिद्धांतासारखा मांडला जातो.

प्रस्तुत निबंधात चिनी, जपानी व कोरियन या तीन भाषांतील उपचारवाचक शब्दांचा व चिन्हांचा इतिहास तपासला आहे. या भाषा एका कुळातील नाहीत. जपानी व कोरियन भाषांची रचना चिनीहून सर्वथा भिन्न आहे. तथापि दोन्ही भाषांनी चिनी चिन्हे स्वीकारली आणि त्यांच्याबरोबर वैद्यकाचा मोठा शब्दसंग्रहही घेतला. त्यामुळे एकच चिन्ह तीन देशांत, तीन उच्चारांनी, तीन प्रकारच्या संस्थांमध्ये वापरले गेले. त्याच्या प्रवासाचा मागोवा घेतला असता चिन्हाचा अर्थ त्याच्या आकृतीतून उलगडत नाही, तो कुणी, कोणत्या कामासाठी आणि कुणाच्या विरोधात वापरले यातून ठरतो, असे दिसून येते. आपल्याकडे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून समाजाचा इतिहास सांगण्याची प्रथा जुनी आहे. ज्यांना हा मोह होतो त्या सर्वांना हे उदाहरण विचारात घेण्याजोगे वाटेल.

मांत्रिक की मद्य?

‘वैद्य’ आणि ‘वैद्यक’ या दोन्ही अर्थांचे मूळ चिन्ह ‘यी’ हे आहे. त्याचे पारंपरिक रूप तीन भागांचे आहे. वर डावीकडे एका चौकटीत बाण, उजवीकडे हातात धरलेले शस्त्र, आणि खाली मद्याचे पात्र. या चिन्हाचे दुसरे एक रूप आढळते. त्यात वरचा भाग तोच असून मद्यपात्राच्या जागी ‘वू’ हे चिन्ह येते. ‘वू’ म्हणजे देवतांशी व मृतात्म्यांशी संवाद साधणारी व्यक्ती, आपल्याकडील भगत किंवा देवऋषी यांच्या जवळची.

या दोन रूपांवरून एक आकर्षक कथा रचली जाते. आरंभी वैद्यक मांत्रिकाच्या हाती होते, म्हणून चिन्हात मांत्रिक होता. पुढे औषधी मद्याचा वापर वाढला, बुद्धिवाद आला, आणि चिन्हातून मांत्रिक जाऊन मद्यपात्र आले. कथा सुबक आहे, पण पुरावा तिला साथ देत नाही. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन याने ‘श्वोवन’ हा चिनी चिन्हांचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला आणि तो १२१ मध्ये सम्राटाला सादर झाला. या कोशात मद्यपात्राचेच रूप दिलेले आहे. मांत्रिकाच्या रूपाची तेथे स्वतंत्र नोंद नाही. म्हणजे मांत्रिकाचे रूप ‘आधीचे’ होते असे कोशाच्या आधारे म्हणता येत नाही. गंमत अशी की हाच श्यू शन वैद्यकाचा आरंभ प्राचीन काळी ‘वू फंग’ नावाच्या मांत्रिकाने केला, असेही नमूद करतो. मांत्रिकाची स्मृती परंपरेत होती, पण ती चिन्हात असलीच पाहिजे असे त्याला वाटले नाही. मद्यपात्राचे कारण तो सरळ देतो : मद्य हे रोगोपचाराचे साधन आहे. वरच्या भागाचा अर्थ लावताना मात्र तो चाचपडतो आणि एक पर्याय म्हणून तो आजारी माणसाच्या कण्हण्याचा आवाज असावा असे सुचवतो. आधुनिक अभ्यासक त्या भागाला सामान्यतः ध्वनिसूचक घटक मानतात. बाण शरीरात घुसला, शस्त्राने काढला आणि मद्याने जखम धुतली, अशी जी शल्यकर्माची कथा या चिन्हावरून सांगितली जाते, ती या दृष्टीने निराधार ठरते.

मांत्रिक आणि वैद्य यांची फारकत खरोखर झाली, परंतु ती संस्थांच्या पातळीवर झाली. ‘चौ ली’ या राज्यव्यवस्थेविषयीच्या प्राचीन ग्रंथात आहारवैद्य, रोगवैद्य, व्रणवैद्य आणि पशुवैद्य असे चार प्रकारचे वैद्य सांगितले आहेत. त्यांचा समावेश राजवाड्याच्या व प्रशासनाच्या कामाशी संबद्ध अशा विभागात होतो. मांत्रिकांची गणना मात्र धार्मिक विधींच्या विभागात आहे. इतिहासकार सिमा च्येन याने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या ग्रंथात ब्येन च्युए या प्रसिद्ध वैद्याचे चरित्र आले आहे. तेथे ज्यांच्यावर उपचार होऊ शकत नाही अशा सहा प्रकारच्या रुग्णांची यादी दिली असून, मांत्रिकावर विश्वास ठेवणारा आणि वैद्यावर न ठेवणारा हा त्यातला सहावा. येथे ‘वू’ आणि ‘यी’ हे प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर उभे आहेत.

तरीही ही रेषा व्यवहारात किती पुसट होती हे हूनान प्रांतातील मावांगद्वी येथील उत्खननाने दाखवून दिले. इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेली हस्तलिखिते सापडली. त्यांतील एका ग्रंथाला आज ‘बावन्न रोगांवरील उपाय’ या नावाने ओळखले जाते. त्यात वनस्पतींचे काढे, लेप, डाग देणे, शस्त्रक्रिया यांच्या जोडीला मंत्र म्हणणे, थुंकणे, ठरावीक पावले टाकणे असे उपाय निःसंकोचपणे दिले आहेत. ज्या उमराव कुटुंबाने हा ग्रंथ मृताबरोबर पुरला त्याला या दोहोंत विसंगती वाटत नव्हती.

राज्य आणि शरीर

चिन्हाचे विघटन करून अर्थ काढण्याचा प्रकार चीनमध्येही प्राचीन आहे, आणि त्याचे एक अत्यंत जुने उदाहरण वैद्याच्याच तोंडी घातलेले आहे. ‘त्स्वो च्वान’ या इतिवृत्तानुसार इ. स. पू. ५४१ मध्ये जिन राज्याचा अधिपती आजारी पडला तेव्हा छिन राज्याने ‘ह’ नावाचा वैद्य पाठवला. त्याने राजाला तपासून रोग असाध्य असल्याचे सांगितले. रोग भूतबाधेने वा आहाराने झालेला नसून स्त्रीसंगातील अतिरेकाने बुद्धीला आलेल्या भ्रमाचा आहे, आणि तो ‘कू’ या विकारासारखा आहे, असे त्याचे निदान होते. ‘कू’ म्हणजे काय, असे मंत्र्याने विचारता वैद्याने आधी लिपीचा आधार घेतला : पात्र आणि कीटक मिळून ‘कू’ हे चिन्ह होते. मग साठवलेल्या धान्यातून उडणाऱ्या किड्यांचा दाखला दिला, आणि शेवटी ‘यी जिंग’ या शकुनग्रंथातील त्याच नावाच्या आकृतीकडे वळला. तीन वेगळ्या क्षेत्रांतील दाखल्यांनी तो एकच गोष्ट सांगत होता की, आतून कुजणे हा या रोगाचा स्वभाव आहे.

वैद्याने व्युत्पत्ती पुरावा म्हणून वापरलेली नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे. निदान आधीच झालेले होते. चिन्हाचे विघटन हे दरबारात मंत्र्याला पटवून देण्याचे साधन होते. ‘ग्वो यू’ या दुसऱ्या ग्रंथात याच प्रसंगाची थोडी वेगळी नोंद आहे. वैद्याने राज्यकारभारात नाक का खुपसावे, अशा अर्थाचा प्रश्न मंत्र्याने केला असता, श्रेष्ठ वैद्य राज्याची चिकित्सा करतो आणि त्याच्या खालचा माणसाची, असा वैद्याच्या उत्तराचा आशय आहे. तेथे राज्याच्या बाबतीत ‘यी’ हेच चिन्ह क्रियापद म्हणून आले आहे.

राज्य आणि शरीर यांची ही सांगड ‘ची’ या चिन्हात अधिक ठळकपणे दिसते. या चिन्हाच्या डाव्या बाजूस पाणी आहे. पूर काबूत आणणे, राज्य चालवणे आणि रोग बरा करणे ही तिन्ही कामे चिनी भाषेत याच एका चिन्हाने सांगितली जातात. जपानीत त्याची दोन देशी वाचने आहेत : ‘ओसामेरु’ म्हणजे राज्य करणे आणि ‘नाओसु’ म्हणजे रोग बरा करणे. कोरियनमध्ये ‘दासुरिदा’ हे देशी क्रियापद राज्य करणे आणि रोग आटोक्यात आणणे या दोन्ही अर्थी चालते. तेथे ते चिनी चिन्हाने लिहिलेले नसते, पण चिनी चिन्हाची अर्थव्याप्ती त्याच्याशी जुळते.

बरे होण्याच्या क्रियेसाठी मात्र तिन्ही भाषांत दुसरीच कल्पना आढळते. चिनी ‘यू’ या चिन्हाचा प्राचीन अर्थ ‘वरचढ असणे, अधिक चांगले असणे’ असा आहे, आणि त्याच चिन्हाने ‘रोग बरा होणे’ हेही सांगितले जाते. कोरियन ‘नात्ता’ हा शब्द विशेषण म्हणून ‘अधिक चांगले’ आणि क्रियापद म्हणून ‘बरे होणे’ असा आहे. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ‘त्यापेक्षा हे बरे’ आणि ‘ताप बरा झाला’ ही दोन्ही वाक्ये आपण एकाच शब्दाने बोलतो. दुसरीकडे जपानी ‘नाओसु’ व कोरियन ‘गोचिदा’ हे शब्द माणसाप्रमाणेच मोडलेल्या वस्तूलाही लागतात. जपानी लोक उच्चार तोच ठेवून घड्याळ दुरुस्त करण्यासाठी एक चिन्ह आणि रोगी बरा करण्यासाठी दुसरे चिन्ह योजतात. बोलताना जो भेद नाही तो लिहिताना करणे ही चिनी लिपीने जपानीला लावलेली सवय आहे.

गवत, संगीत आणि भेषज

आता प्रास्ताविकात आलेल्या ‘याव’ या चिन्हाकडे वळू. श्यू शन याचा अर्थ ‘रोग बरे करणारी वनस्पती’ एवढाच देतो. खालच्या भागाला तो ध्वनिसूचक म्हणतो. संगीतोपचाराचा त्याच्या नोंदीत मागमूस नाही. याला एक स्वतंत्र पुरावाही आहे. ‘उपचार करणे’ या अर्थाच्या दुसऱ्या एका चिन्हाची दोन रूपे त्याने दिली आहेत. दोहोंत आजाराचे मूलचिन्ह समान आहे. एका रूपात त्याच्या आत हेच ‘संगीत’ चिन्ह आहे, तर पर्यायी रूपात त्याच्या जागी भिन्न अर्थाचे पण जवळच्या उच्चाराचे चिन्ह येते. पुढे हे पर्यायी रूपच रूढ झाले आणि आज तिन्ही भाषांतील ‘उपचार’ या शब्दात तेच वापरले जाते. संगीताचा घटक अर्थासाठी असता तर तो असा सहज बदलला गेला नसता. चीनमधील सुलभीकृत लिपीत तर ‘याव’ मधून तो घटक पूर्णपणे गेला असून त्या जागी ‘करार’ या अर्थाचे चिन्ह आले आहे. औषध म्हणजे गवताशी केलेला करार, असा अर्थ अद्याप कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

माथ्यावरचे गवत मात्र अर्थपूर्ण आहे. आपला ‘औषध’ हा शब्द ‘ओषधी’ म्हणजे वनस्पती यावरून आला आहे, आणि त्या अर्थाने दोन संस्कृतींनी औषधाचे नाव एकाच ठिकाणाहून घेतले. ही समांतर घटना आहे, देवाणघेवाण नव्हे. देवाणघेवाण पुढे बौद्ध धर्माबरोबर झाली आणि ती मोठ्या प्रमाणावर झाली. संस्कृत ‘वैद्यराज’ या बुद्धाच्या विशेषणासाठी चिनी भाषांतरकारांनी ‘यी-वांग’ हा शब्दशः प्रतिशब्द घडवला. ‘भैषज्यगुरु’ या बुद्धाचे नाव ‘यावशी’, म्हणजे औषधाचा आचार्य, असे झाले. त्याच्या सूत्राचे भाषांतर ह्युएन त्सांगने ६५० मध्ये केले. सातव्या शतकाच्या अखेरीस इत्सिंगने नालंदा येथील वास्तव्यानंतर लिहिलेल्या वृत्तांतात भारतीय वैद्यकाच्या आठ अंगांचे वर्णन केले आणि ती आठही अंगे अलीकडे एका ग्रंथात संक्षेपाने आणली गेल्याचे नमूद केले. हा उल्लेख वाग्भटाच्या परंपरेशी जोडला जातो.

जपानमध्ये ‘याकुशी न्योराइ’ या नावाने भैषज्यगुरूची उपासना आरंभापासूनच राजघराण्याच्या आजारपणाशी निगडित होती. ६८० मध्ये सम्राट तेन्मु याने आपल्या पत्नीच्या आजारात याकुशिजी या मंदिराचा नवस केला. ती बरी झाली, आणि सम्राटाच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी जितो म्हणून तिनेच राज्य केले. मंदिर नारा येथे आजही आहे. याच बुद्धाचे जपानमध्ये आणखी एक लेखी रूप आहे. ‘भै’ हे त्याचे बीजाक्षर सिद्धम् लिपीत लिहिले जाते. सिद्धम् लिपीचे अध्ययन ८०६ मध्ये चीनहून परतलेल्या कूकाइ या भिक्षूने जपानमध्ये रुजवले. देवनागरी आणि सिद्धम् या एकाच ब्राह्मी परंपरेतील लिपी असल्याने, मृताच्या एकोणपन्नासाव्या दिवशी ज्या याकुशीचे स्मरण केले जाते त्याचे अक्षर मराठी वाचकाला थोड्या प्रयत्नाने ओळखता येईल. ‘भेषज’ या वैदिक शब्दाचे आद्याक्षर असे टिकून राहिले, आणि ते उच्चारमूल्य असलेले अक्षर म्हणून टिकले, चित्र म्हणून नव्हे.

कोरियात ‘याक’ या शब्दाने वेगळा विस्तार साधला. मधात घोळवलेल्या तळीव मिठाईला ‘याकग्वा’, गोड भाताच्या पदार्थाला ‘याकसिक’, गाळलेल्या नितळ मद्याला ‘याकजू’ आणि डोंगरातील झऱ्याच्या पाण्याला ‘याकसू’ म्हणतात. पोट दुखणाऱ्या मुलाच्या अंगावरून फिरणारा आईचा हात हा ‘याकसोन’, म्हणजे औषधी हात. जपानीत उपचाराला ‘तेआते’ म्हणतात. शब्दशः तो हात लावणे असा आहे, आणि त्यावरूनही स्पर्शोपचाराचे तत्त्वज्ञान सांगितले जाते. पण त्याच शब्दाचा दुसरा चालू अर्थ ‘पगारावरचा भत्ता’ असा असून, एखाद्या गोष्टीची आगाऊ तजवीज करणे हा दोहोंना जोडणारा दुवा आहे.

जपान : नवी शरीररचना, नवी चिन्हे

आधुनिक वैद्यकाचा शब्दसंग्रह तिन्ही भाषांत मुख्यतः जपानमार्गे आला, आणि हा प्रवास जुन्या प्रवाहाच्या उलट दिशेचा होता. १७७१ मध्ये एदो शहरातील कोझुकाप्पारा येथे एका गुन्हेगाराच्या शवाचे विच्छेदन पाहिल्यानंतर सुगिता गेनपाकु, माएनो र्योताकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डच शरीररचनाग्रंथाचे भाषांतर हाती घेतले. ते ‘काइताइ शिनशो’ या नावाने १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथ जपानी बोलीत नसून अभिजात चिनी गद्यात होता, कारण विद्वानांची भाषा तीच होती. त्यात भाषांतराच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत. जेथे जुना शब्द आहे तेथे तो योजणे, जेथे नाही तेथे अर्थावरून नवा घडवणे, आणि जेथे तेही जमत नाही तेथे डच उच्चार चिनी चिन्हांत लिहिणे. दुसऱ्या पद्धतीने कूर्चेसाठी ‘मऊ हाड’ हा शब्द आला. मज्जातंतूसाठी ‘शिनकेइ’ हा शब्द चिनी वैद्यकातील चैतन्य आणि नाडीमार्ग या संज्ञांतील चिन्हे एकत्र करून घडवला. म्हणजे जी पद्धती नाकारायची तिच्याच विटा नव्या इमारतीला वापरल्या.

ग्रंथीसाठी मात्र भाषांतरकारांचे काही चालले नाही. त्यांनी डच शब्दाचा उच्चारच लिहिला. ही अडचण सुमारे तीस वर्षांनी उदागावा गेनशिन याने सोडवली. त्याने मांसाच्या मूलचिन्हाशेजारी ‘झरा’ हे चिन्ह ठेवून ग्रंथीसाठी एक नवेच चिन्ह तयार केले, आणि स्वादुपिंडासाठी मांस अधिक ‘एकत्र येणे’ असे दुसरे. १८०५ च्या त्याच्या ग्रंथातून ही चिन्हे रूढ झाली. ती चिनी दिसतात, पण जपानी वैद्याने बनवलेली आहेत. येथे चिन्हाची आकृती खरोखरच अर्थाचे चित्र आहे आणि तिच्या मागचा विचार कुणाचा, केव्हाचा हे आपल्याला ठाऊक आहे. विशेष हे की ग्रंथीचे चिन्ह पुढे चीनने आणि कोरियाने घेतले, आणि अवटु ग्रंथीचे नाव तिन्ही भाषांत आज त्याच चिन्हांनी बनते. स्वादुपिंडाचे चिन्ह कोरियाने घेतले, चीनने दुसरेच वापरले. एकाच माणसाच्या दोन निर्मितींचे हे भिन्न भवितव्य चिन्हांच्या गुणावगुणांवरून सांगता येणार नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या शब्दाचे उदाहरण याहून परिणामकारक आहे. १८७१ मध्ये निघालेल्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाश्चात्त्य देशांत गेलेल्या नागायो सेनसाइ याला तेथे एक नवी गोष्ट दिसली : नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी शासन घेते, आणि त्यासाठी पाणीपुरवठ्यापासून पोलिसांपर्यंत एक यंत्रणा असते. या कल्पनेसाठी त्याने ताओपंथीय ‘च्वांगत्झ’ या ग्रंथातील ‘जीवाचे रक्षण’ या अर्थाचा जुना शब्द निवडला. जपानी उच्चारात तो ‘एइसेइ’, चिनीत ‘वेइशंग’, कोरियनमध्ये ‘विसेंग’. १८७५ मध्ये गृहखात्याच्या अखत्यारीत आलेल्या विभागाला हेच नाव मिळाले. मूळ ग्रंथात हा शब्द एकट्या साधकाच्या आंतरिक जीवनसाधनेविषयी आहे. नव्या अर्थी तो घरोघर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याशी जोडला गेला. चीनच्या बंदरांत आणि जपानी सत्तेखालील कोरियात लोकांनी तो परकीय सत्तेचा शब्द म्हणून अनुभवला. आज चीनमध्ये स्वच्छतागृहाच्या नावातही तो आहे.

कोरिया : न दिसणारा बदल

कोरियन वैद्यांपुढचा प्रश्न निराळा होता. ग्रंथ चिनी, रोगी कोरियन आणि वनस्पती रानातल्या. चिनी नावाने वनस्पती ओळखणार कोण? तेराव्या शतकात मूळ धरलेल्या ‘ह्यांगयाक’, म्हणजे देशी औषधे, या परंपरेतील ग्रंथांत वनस्पतींची कोरियन नावे चिनी चिन्हांच्या उच्चारांचा आधार घेऊन कशीबशी नोंदवली आहेत. १४४६ मध्ये राजा सेजोंगने नवी वर्णमाला जाहीर केल्यावर ही अडचण दूर झाली, आणि वीस वर्षांच्या आत, १४६६ मध्ये, तातडीच्या उपचारांचा एक ग्रंथ या लिपीतील भाषांतरासह छापला गेला. हॉ जून याचा ‘दोंगउइ बोगाम’ हा महाग्रंथ १६१० मध्ये पूर्ण होऊन १६१३ मध्ये छापला गेला. त्याचे गद्य अभिजात चिनी आहे, पण औषधांच्या विभागात देशी नावे कोरियन लिपीत दिली आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत त्याचा समावेश केला. ग्रंथनामातील ‘दोंगउइ’ म्हणजे पूर्वेचे वैद्यक. चीनमध्ये उत्तरेचे व दक्षिणेचे वैद्यक अशा परंपरा आहेत, तर आमची पूर्वेची, असा हॉ जूनचा युक्तिवाद होता. चिनी विद्येच्या चौकटीत राहून आपली जागा मागण्याची ही एक रीत होती.

विसाव्या शतकात तीच मागणी अधिक आग्रही झाली. परंपरागत वैद्यकाला कोरियात ‘हानउइ’ म्हणत आणि त्यातील ‘हान’ हे चिन्ह चीनच्या हान राजवंशाचे होते. १९८६ मध्ये दक्षिण कोरियाच्या वैद्यकीय कायद्यात दुरुस्ती होऊन त्या जागी कोरियाचे नाव दर्शवणारे ‘हान’ हे दुसरे चिन्ह आले. दोहोंचा उच्चार एकच. कोरियन लिपीत दोन्ही शब्द अक्षरशः एकसारखे लिहिले जातात. म्हणजे रस्त्यावरच्या पाटीत काडीचाही फरक पडला नाही, आणि तरी परंपरागत वैद्यांच्या दृष्टीने सर्व काही बदलले : व्यवसाय चिनी उसनवारीचा न राहता राष्ट्राचा झाला. उत्तर कोरियाने आपल्या बाजूने १९९३ मध्ये ‘दोंगउइ’ सोडून ‘कोर्यो वैद्यक’ हे नाव घेतले. जपानमधील ‘कानपो’ या नावात मात्र हान वंशाचे चिन्ह कायम आहे. तेथे या शब्दाचा विरोध डच वैद्यकाशी होता, चीनशी नव्हता. १८८३ च्या नियमांनी वैद्यकीय परवान्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा अनिवार्य झाल्यावर आणि १८९५ मध्ये कानपो वैद्यांची मागणी संसदेत फेटाळली गेल्यावर त्या नावावर राष्ट्राभिमानाचा भार टाकण्याइतके बळ त्या व्यवसायात उरले नव्हते. चीनमध्ये १९२९ साली देशी वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तेथील वैद्यांनी ‘राष्ट्रीय वैद्यक’ हा शब्द पुढे करून तो परतवला.

केवळ उच्चारावर चालणाऱ्या लिपीचे काही मासलेही आहेत. कोरियनमध्ये ‘उइसा’ म्हणजे वैद्य, आणि ‘उइसा’ म्हणजेच देशासाठी आत्मबलिदान करणारा वीर. १९०९ मध्ये हार्बिन येथे इतो हिरोबुमी याला गोळ्या घालणाऱ्या आन जुंग-गन याच्या नावापुढे दुसऱ्या अर्थी ‘उइसा’ लावले जाते, आणि तो डॉक्टर होता असे मुलांना वाटते, हा कोरियातला नेहमीचा विनोद आहे.

वैद्यांच्या नावांबाबत आपल्याशी थेट संबंध असलेली एक घटना येथे नोंदवणे उचित होईल. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे चिन्ह लावले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांचे ‘क दीहुआ’ हे नाव १९४२ मधील त्यांच्या मृत्यूनंतरही चीनमध्ये परिचित राहिले. पहिली दोन चिन्हे आडनावाच्या उच्चारासाठी आहेत, तिसरे अर्थासाठी. चिनी लिपीचे बहुतेक चिन्ह याच दोन तत्त्वांवर उभे असते.

भाता आणि ‘इयाशी’

‘यी’ या चिन्हाचे आज तीन देशांत तीन प्रकार झाले आहेत. जपानने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लिपिसुधारणेत, १९४६ ते १९४९ या काळात, त्याचा फक्त चौकट व बाण हा कोपरा ठेवला. चीनने १९५६ च्या सुलभीकरण योजनेत तेच रूप घेतले. तैवान व हाँगकाँग येथे पूर्ण रूप चालते. कोरियात ते चिनी चिन्हांत लिहिण्याचा प्रसंग आला तर पूर्ण रूपात येते, एरवी वर्णमालेतले ‘उइ’ पुरते. सुलभीकरणाने चिन्हातून औषधी मद्य गेले, म्हणजे वैद्यकाचा आत्मा गेला, अशी टीका पुष्कळदा होते. टीकाकारांच्या लक्षात येत नाही की उरलेला कोपरा श्यू शनच्या कोशात स्वतंत्र चिन्ह म्हणून आहे आणि त्याचा अर्थ ‘बाणांचा भाता’ असा आहे. चीनमधील रुग्णालयांच्या पाट्यांवर आज भाता लिहिलेला असतो, आणि त्याने कुणाच्या उपचारात बाधा आलेली नाही.

अगदी अलीकडचा बदल ‘इयासु’ या जपानी क्रियापदाचा आहे. बरे करणे हा त्याचा जुना अर्थ. सांस्कृतिक मानववंशशास्त्रज्ञ उएदा नोरियुकी यांनी श्रीलंकेतील पिशाच्चनिवारणाच्या विधींचा अभ्यास करून १९९० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. एकाकी पडलेल्या रुग्णाला रात्रभर चालणाऱ्या विधीतून, नाचातून आणि हशातून गाव पुन्हा आपल्यात घेते, या प्रक्रियेला त्यांनी ‘इयाशी’ हे नाम योजले, आणि ते प्रचलित होण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. १९९९ मध्ये वर्षातील गाजलेल्या शब्दांत त्याची गणना झाली. तोवर ते मंद संगीत, गरम पाण्याचे झरे आणि खेळण्यांच्या जाहिरातींत पोहोचले होते. विधीतील गाव मागे पडून थकलेला एकटा ग्राहक उरला. चीनमध्ये या जपानी प्रयोगावरून मन शांतवणाऱ्या पुस्तकांना व चित्रपटांना ‘चीयू’ वर्गातील म्हणू लागले. कोरियात त्याच सुमाराचा अर्थ इंग्रजी ‘हीलिंग’ या शब्दाने घेतला आणि २०११ ते २०१६ या काळात तेथील दूरचित्रवाणीवर त्या नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम चालला. जपानी शासनाच्या चिन्हसूचीत ‘इयासु’ हे वाचन अधिकृत नव्हते. त्या चिन्हाचे चिनी वळणाचे ‘यु’ हे एकच वाचन मान्य होते. २०१० च्या सुधारित सूचीत ‘इयेरु’ आणि ‘इयासु’ या देशी वाचनांना मान्यता मिळाली, म्हणजे श्यू शनच्या कोशात ज्याला ‘यी’ या चिन्हात जागा मिळाली नव्हती त्या मांत्रिकाकडून आलेला अर्थ जपानी शाळांतील लिपीच्या अभ्यासक्रमात दाखल झाला.